सहा टीव्ही आणि एक आजी

अमेरिकेत पंचेचाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली, अर्धमॅरेथॉन धावणं आणि त्याचे फोटो टाकणं. दुसरी, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत शिरणं आणि बटाटेवड्यांच्या संख्येवरून आयुष्यभराचे वैरी जोडणं. तिसरी, ढोल-ताशा पथकात जाऊन एखाद्या पार्किंग लॉटमध्ये, रीतसर परवानगी काढून, बेभान होणं. पहिलीला माझे गुडघे नाही म्हणाले, दुसरीला स्वभाव आणि तिसरीला खांदा. म्हणून मी डीजे झालो.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, इथे गणपतीत पोलीस डीजे जप्त करतात. तुला तिकडे सोडवायला कोण येणार?" सांगलीत डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. आपल्या मुलाची भिंत झाली अशी तिची समजूत झाली होती. माझे अलीकडचे फोटो पाहता ती अगदीच निराधार नव्हती.

न्यू जर्सीत, एडिसनमधल्या ओक ट्री रोडच्या साड्या-सोनं-मिठाईच्या गर्दीपासून जरा बाजूला एक लाउंज आहे. संध्याकाळी तिथे सहकुटुंब जेवणं चालतात. रात्री टेबलं भिंतीला लागतात आणि शनिवारी देसी नाइट होते. भिंतींवर सहा टीव्ही. मालक गुजराती, मितभाषी, गल्ल्याजवळून न हलणारे. त्यांनी टीव्ही फुटबॉलसाठी घेतले होते. शनिवारी रात्री ते काळे राहतात आणि काळ्या टीव्हीचा हप्ताही तेवढाच असतो, हे त्यांना खुपत होतं. "गाण्यांबरोबर व्हिडिओ दाखवता येतील?" त्यांनी विचारलं. "अर्थात," मी म्हणालो. आयटीत केस पांढरे केलेल्या माणसाला दुसरं उत्तर येत नाही.

मालकांची कल्पना सोपी होती: यूट्यूब लावा. मी त्यांना समजावलं की यूट्यूब त्याच्या अटींनुसार घरगुती, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. शिवाय ऐन रंगात आलेल्या भांगड्याच्या मध्ये विम्याची जाहिरात लागली तर कोणी काय करायचं? "पण गाण्यांच्या लायसन्सचे पैसे मी दरवर्षी भरतो," ते म्हणाले. भरत होते. अमेरिकेत ॲस्कॅप आणि बीएमआय अशा संस्था आहेत, एक १९१४ सालची, दुसरी १९३९ची. हॉटेल-बारवाल्यांनी त्यांना पैसे द्यायचे, ते गीतकार-संगीतकारांपर्यंत जातात. पण ती झाली गाणं चारचौघांत वाजवायची मुभा. गाण्याची आणि चित्राची फाइल कुठून आणायची हा प्रश्न त्याने सुटत नाही. थोडक्यात, जागेचा कागद मालकाचा आणि मालाचा कागद डीजेचा. मालकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दुसरे पैसे तुम्ही भरणार?" इतकं मुद्देसूद बोलल्यावर माघार घेता येत नाही. मी हो म्हणालो.

डीजेंना गाणी पुरवणाऱ्या सेवांना इकडे पूल म्हणतात. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसो आणि त्याच्या डीजे मित्रांनी पहिला रेकॉर्ड पूल काढला. तोवर नवी तबकडी मिळवायला प्रत्येक डीजे रेकॉर्ड कंपन्यांच्या पायऱ्या झिजवत होता. आता कंपन्यांनी तबकड्या एका ठिकाणी द्यायच्या, पूलने त्या सभासदांत वाटायच्या आणि लोक कशावर नाचले, कशावर बसले, ते सभासदांनी उलट कळवायचं. आपली सहकारी सोसायटीच ती. पुढे ती बंद पडली आणि तिच्यातल्याच एका बाईंनी वेगळा पूल काढला, इथपर्यंत साम्य.

१ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही सुरू झालं आणि गाणं बघायची सवय लागली. मग क्लबांच्या भिंतींवर पडदे आले. २००४ साली पायोनिअरने डीव्हीजे-एक्स१ नावाचं यंत्र काढलं. त्यावर डीव्हीडी तबकडीसारखी घासता येई आणि पडद्यावरचा गायक तालात मागेपुढे होई. आता यंत्र लॅपटॉपमध्ये शिरलंय. व्हर्च्युअल डीजेसारखं सॉफ्टवेअर, एक कंट्रोलर आणि दरमहा वर्गणी भरून उतरवलेल्या फाइली एवढ्यावर काम होतं. वर्गणीवर व्हिडिओ देणाऱ्यांत प्रोमो ओन्ली, स्मॅश व्हिजन, एक्सटेंडामिक्स अशी नावं आहेत. बाकीच्या डीजेंनी चार दोस्तांना विचारून यातलं एखादं घेतलं असतं आणि रात्री वाजवायला सुरुवात केली असती.

पण मोठ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर निवडून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. ते सॉफ्टवेअर पुढे कोण वापरतं, वापरताना मला काय म्हणतं, याच्याशी माझा संबंध येत नाही. मी निकष ठरवतो, निकषांना वजनं देतो, गुण भरतो, बेरीज करतो आणि निघून जातो. वर्गणी महिन्याला काही डझन डॉलरची असली म्हणून काय झालं? मी एक्सेल उघडलं.

पहिला निकष, साठा. वजन वीस. प्रत्येक सेवा आपल्याकडे किती हजार व्हिडिओ आहेत ते पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिते. पण एकाच गाण्याचे क्लीन, डर्टी, इंट्रो, शॉर्ट, रीमिक्स असे पाच अवतार वेगळे मोजले की हजार व्हायला वेळ लागत नाही. मी अवतार वजा करायचं सूत्र लिहिलं. त्यात एक रविवार गेला.

दुसरा निकष, चित्राचा दर्जा. वजन वीस. १०८०पी आणि सेकंदाला साधारण आठ मेगाबिट धरले तर चार मिनिटांचं गाणं २४० मेगाबाइटचं होतं. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशी चारेक हजार मावतात. जुन्या गाण्यांचा घोळ वेगळा. १९८०च्या दशकातले व्हिडिओ मूळचे ४:३, म्हणजे चौकोनी. काही ठिकाणी ते रुंद पडद्यासाठी ताणलेले असतात आणि मग भलेभले सडपातळ गायक माझ्या अंगाचे दिसू लागतात. अशांचे मी गुण कापले. त्यामागे थोडा व्यक्तिगत रागही असावा.

तिसरा निकष, इंट्रो एडिट. वजन पंधरा. यात खरी गोम आहे. रेडिओवरचं गाणं पहिल्या सेकंदाला गायला लागतं. डीजेला आधीच्या गाण्याच्या तालावर ते बसवायला जागाच मिळत नाही. म्हणून पूलमधले संपादक गाण्याच्या पुढेमागे आठ-आठ बार, म्हणजे बत्तीस-बत्तीस ठोके, नुसत्या तालाचे जोडतात. ऑडिओत हे सोपं. व्हिडिओत त्या बत्तीस ठोक्यांसाठी चित्रंही शोधावी लागतात आणि तीही तालावर कापावी लागतात. आपण वर्गणी भरतो ती गाण्याची कमी आणि या शिवणकामाची जास्त असते. हे मला एका पंजाबी मुलाने सांगितलं. तो रटगर्स विद्यापीठात शिकतो आणि शुक्रवारी त्याच लाउंजमध्ये वाजवतो.

"तू कुठली सेवा घेतलीस?" मी विचारलं.

"अंकल, एकीवर भागत नाही. हिप-हॉपला एक, लॅटिनला एक. देसी गाण्यांचे इंट्रो मी स्वतः बनवतो."

"मग वजनं कशी दिलीस?"

"कसली वजनं?"

मला त्या मुलाची कीव आली. कसलीही पद्धत नाही, शिस्त नाही. उगाच लोक त्याच्या गाण्यांवर नाचत होते.

चौथा निकष, नव्या गाण्यांचा वेग, वजन पंधरा. पाचवा, क्लीन आवृत्त्या, वजन दहा. आणि शेवटी किंमत, वजन वीस. सगळं मिळून शंभर. तक्त्याच्या मागच्या पानावर मी 'ग्राहक' या मथळ्याखाली मालकांबद्दलची निरीक्षणं टिपून ठेवली. ती माझी कामाची सवय आहे. अशा टिपणांची भाषा मी मोकळी ठेवतो, कारण ती मराठीत असतात.

निकाल लागला. पहिल्या दोन सेवांत दशांश चिन्हापुढच्या आकड्याचा फरक होता, पण निकाल तो निकाल. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट होती. सूट आहे म्हटल्यावर मराठी हात थरथरत नाही. मी वर्ष भरलं. बायको मागे येऊन उभी राहिली, तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "यात झिंगाट आहे?"

नव्हतं. मी सगळ्या स्पेलिंगांनी शोधून पाहिलं. झिंगाट नव्हतं, मराठी काहीच नव्हतं, हिंदी-पंजाबी तोंडी लावण्यापुरतं होतं. ते गाणं ज्यातलं, तो 'सैराट' सिनेमा २०१६चा. अजय-अतुलनी त्याच्या संगीतातला सिम्फनीचा भाग कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला होता. म्हणजे सैराटचे व्हायोलिनवाले अमेरिकेचे, माझे पैसे अमेरिकेतले, मी अमेरिकेत, पूल अमेरिकन, आणि झिंगाट तेवढं नाही. 'भाषा' हा निकषच तक्त्यात घेतलेला नव्हता. देसी नाइटसाठी तो लागेल असं कुठल्याही टेम्प्लेटमध्ये लिहिलेलं नसतं.

मी तोडगा काढला. देसी गाणी विकत घेतलेल्या ऑडिओवर वाजवायची आणि तेवढा वेळ सहाही टीव्हींवर लाउंजचा लोगो गोल फिरवत ठेवायचा. झिंगाट लागलं, लोगो फिरला, लोक इतके नाचले की एका टेबलावरचा पाण्याचा जग खाली आला. लोगोबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मग मी मुद्दाम भारीतला व्हिडिओ लावला: १०८०पी, बत्तीस ठोक्यांचा इंट्रो, तालावर कापलेली चित्रं. त्याबद्दलही कोणी काही बोललं नाही.

इथे मला शंका यायला हवी होती. त्याऐवजी मला सातवा निकष सुचला. तक्त्यात मी 'प्रेक्षकांचं लक्ष' असा रकाना घातला आणि प्रत्येक गाण्याला किती डोकी पडद्याकडे वळतात ते मोजायला लागलो. डेकमागे उभं राहून एका हाताने पुढचं गाणं बसवायचं आणि दुसऱ्या हाताने एक्सेलमध्ये आकडा भरायचा. आकडा भरायला सोपा होता. शून्य. पुढे शून्य. नाचणारा माणूस समोरच्याकडे बघतो. समोर कोणी नसेल तर स्वतःच्या पायांकडे. न नाचणारा फोनकडे. सहा टीव्ही सहा दिशांनी जीव तोडून नाचत होते आणि त्यांच्याखाली लोक चिकन सिक्स्टीफाइव्ह खात होते.

अपवाद एक. जेवणाच्या वेळी मुला-सुनेबरोबर एक आजी आल्या होत्या. नुकत्या नाशिकहून आलेल्या, अंगात स्वेटर, पायात बूट, वर साडी. त्यांना टीव्हीसमोरची खुर्ची मिळाली होती. मी क्लीन आवृत्ती लावली होती. वेळ सहकुटुंब जेवणाची, त्यासाठीच तर तो दहा वजनाचा निकष. पण पूलवाल्यांच्या भाषेत क्लीन म्हणजे फक्त शब्द क्लीन. शिवी आली की आवाज बंद होतो, नाहीतर शब्द उलटा वाजतो. चित्र आहे तसंच राहतं. शब्दांवर अशी सोवळी कात्री चालली असताना पडद्यावर गायिका बर्फात, मोजक्या कपड्यांत, उभी होती. आजींनी संपूर्ण गाणं एकाग्रपणे पाहिलं. जाताना डेकपाशी थांबून म्हणाल्या, "छान लावतोस हो. पण त्या पोरीला कोणी शाल का देत नाही?"

मी रकान्यात एक भरला. महिन्याची एकूण बेरीज: एक आजी.

आणि मग तो शनिवार आला. गर्दी चांगली होती, भांगडा शंभरच्या आसपासच्या ठोक्यांवर मस्त लागला होता, मी संपलेल्या गाण्यापुढे शून्य टाकत होतो. तेवढ्यात कोणाची तरी टाच, चित्र सगळीकडे वाटणाऱ्या स्प्लिटरच्या केबलमध्ये अडकली आणि सहाही टीव्ही निळे पडले. मी केबल परत खोचली. विंडोजला वाटलं, नवाच पाहुणा आलाय. लॅपटॉपवर एक आणि भिंतीवर दुसरं, ही मी करून ठेवलेली वाटणी ते साफ विसरलं आणि लॅपटॉपवर जे होतं तेच त्याने भिंतीवर लावलं. लॅपटॉपवर एक्सेल होतं.

मी विंडोज आणि पी ही बटणं दाबली, घाईत खाली गेलो आणि 'फक्त दुसरा पडदा' हा पर्याय निवडला. लॅपटॉप काळा पडला. आता एक्सेल मलाही भिंतीवरच दिसत होतं. माझा माउस कुठे आहे ते बघायला मला लोकांच्या डोक्यांवरून टाचा उंचावून पाहावं लागत होतं. भांगडा चालू होता. नाच मात्र एकेक जोडी करत थांबला आणि एवढ्या रात्रींत पहिल्यांदाच सगळी माणसं पडद्याकडे बघू लागली.

एडिसनच्या देसी गर्दीत सॉफ्टवेअरवाला नसलेला माणूस शोधावा लागतो. माझा तक्ता सहा बाजूंनी, पन्नास इंचांत, त्यांच्यासमोर उभा होता. शांतता पसरली. ती बोर्डरूममध्ये पहिली स्लाइड लागल्यावर पसरते त्या जातीची होती.

"किमतीला फक्त वीस?" बारजवळून एक बाई ओरडल्या.

"तीन वर्षांचा एकूण खर्च काढलाय का?" मागून दुसरा.

"अहो, फ्रीज पेन लावा, मथळे वर जातायत!"

मी माउस हलवत होतो, तो पलीकडच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर कुठेतरी भरकटत होता आणि त्याच्याबरोबर तक्ता खालीवर सरकत होता. तेवढ्यात नाचून घामाघूम झालेला एक तेलुगू तरुण डान्स फ्लोअरच्या मधोमध उभा राहिला आणि अत्यंत सौजन्याने इंग्रजीत म्हणाला, "सर, तुमच्या बेरजेत शेवटची ओळ धरलेली नाही." सगळ्यांनी पाहिलं. नव्हती धरलेली. कोणीतरी फोनवर बेरीज केली आणि निकाल जाहीर केला: दुसरी सेवा पहिली येत होती. टाळ्या पडल्या. दुसरी सेवा महिन्याच्या बोलीवर मिळते, वर्षाचं बंधन नाही, अशी माहितीही गर्दीतूनच आली.

फाइल बंद करावी म्हणून मी कोपऱ्यातल्या फुलीच्या रोखाने माउस नेला. तो फुलीवर पोचला नाही. खालच्या पट्टीवर पोचला आणि 'ग्राहक' हे पान उघडलं.

पान मराठीत होतं, तेवढाच आधार. मराठी मंडळी हसायला लागली, बाकीच्यांना ती शेजारी उभी राहून अर्थ सांगू लागली. 'मालक: खर्चाची तयारी शून्य. संगीताचा कान: नाही. टीव्हीबद्दल प्रेम: हप्त्यापुरतं. धोका: पैसे आपल्यालाच भरायला लावेल.' मी वळून पाहिलं. मालक पहिल्यांदाच गल्ला सोडून डेकपाशी आले होते. वाचत होते. त्यांचे ओठ हलत होते.

"मी बडोद्याचा," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "दांडिया बाजारात वाढलो. आमच्या वाड्यात सगळे तुमचेच लोक." मग पुन्हा पडद्याकडे पाहून म्हणाले, "खर्चाची तयारी शून्य, हे बरोबर आहे. पण त्याला वजन किती दिलंय ते दिसत नाही."

मी काहीतरी पुटपुटलो. ते तसेच उभे राहिले. "हे तुम्ही धंद्यासाठी करता? असं निवडून द्यायचं?"

"हो."

"मग मला बिलिंगचं सॉफ्टवेअर निवडून द्या. तीन कंपन्या मागे लागल्यात, एकाचंही काही कळत नाही. याचे पैसे देईन." शेवटच्या वाक्याने माझ्या टिपणातली पहिली ओळ तिथल्या तिथे खोटी ठरली. टीव्हीवर ती अजून दिसतच होती.

आता शनिवारीही तो पंजाबी मुलगाच वाजवतो. त्याने मला विचारून माझ्या सेवेतली दोन इंट्रो एडिट ऐकली आणि परत कधी विचारलं नाही. टीव्हीवर खेळ चालू असतो, आवाज बंद करून, आणि देसी नाइटला व्हिडिओ का नाहीत असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. माझी वर्गणी वर्षअखेरपर्यंत आहे. दर आठवड्याला नवे व्हिडिओ येतात आणि मी ते सगळे उतरवून घेतो. बघत नाही. पण पैसे भरलेत.

मी कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो आणि बिलिंगच्या तक्त्याचं काम करतो. मालक मधूनमधून पनीर टिक्का पाठवतात आणि बेरीज तपासतात. या खेपेला किमतीचं वजन चाळीस आहे; ते त्यांनी स्वतः टाकलंय. 'ग्राहकांचं लक्ष' या रकान्याला मात्र मी त्यांच्याशी भांडून उरलेल्यातलं सर्वात मोठं वजन मिळवलं. पडद्याकडे बघणारी मला एक आजी मिळाली. बिलाकडे न बघता पैसे देणारा माणूस ओक ट्री रोडवर अजून दिसायचाय.